प्रोपेलर बदलला, इंजिनाचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

बुलडाणा जिल्ह्याला प्रवासी विमानतळ नाही. आपल्याकडे विमान म्हणजे आभाळात फार वर ओढली जाणारी एक पांढरी रेघ. पण आजूबाजूचं चित्र बदलतं आहे. शेजारच्या अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली आणि तिथंच वैमानिक घडवणारी एक मोठी शाळा उभी करायचं काम हाती घेतलं गेलं. नागपूरचा फ्लाइंग क्लब तर जुनाच. गोंदियाजवळच्या बिरसीला, बारामतीला, शिरपूरला लहान विमानं शिकाऊ मुलांना घेऊन उडत आली आहेत. उद्या मेहकर-चिखलीकडची एखादी पोर अशा एका इंजिनाच्या विमानात पहिल्यांदा एकटी बसेल. ते इंजिन तिच्याआधी कुणाकुणाच्या हातून गेलं, त्याला कधी कुठं मार बसला होता का, हा प्रश्न मग तिच्या आई-वडिलांचाही होतो.

श्रोतेहो, आजचा विषय त्या माराचाच आहे. तो दिसतो एका ठिकाणी आणि बसतो दुसऱ्याच ठिकाणी.

लहान विमानाच्या नाकावर दोन पात्यांचा प्रोपेलर असतो. मी हाच शब्द वापरणार आहे, कारण 'पंखा' म्हटलं की आपलं लक्ष छताकडे जातं आणि 'पंख' म्हटलं की विमानाच्या दोन्ही बाजूंकडे. या प्रोपेलरच्या पात्याचं टोक आणि जमीन यांच्यात जेमतेम फूटभर अंतर असतं. उतरताना नाकाखालचं चाक आधी आदळलं, किंवा धावपट्टी सोडून विमान चरात गेलं, की फिरतं पातं जमिनीला लागतं. मिनिटाला हजारो फेऱ्या घेऊ शकणारी ती गोष्ट एका क्षणात अडते. पात्याची टोकं वाकतात. आतल्या माणसाला बहुधा खरचटतही नाही. सगळे हुश्श करतात, आणि मग मालकाच्या मनात एक सरळ हिशेब येतो : प्रोपेलर वाकला ना, मग नवा प्रोपेलर लावा आणि उडवा.

हा हिशेब का चुकतो, हे आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. रोटाव्हेटर चालू असताना मातीतला दगड लागला की शिअर बोल्ट तुटतो. तो तुटावा म्हणूनच लावलेला असतो. शे-दोनशेचा बोल्ट जातो आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स वाचतो. शिकाऊ विमानांच्या बहुतेक जुन्या-नव्या पेट्रोल इंजिनांत मात्र अशी सोय नाही. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेला असतो. मध्ये क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, बळी द्यायला बोल्ट नाही. पातं जमिनीला लागलं की तो हिसका सरळ इंजिनाच्या पोटात जातो.

पोटात काय होतं? पुढून शाफ्ट अडतो. पण आतले पिस्टन, कनेक्टिंग रॉड, दातेरी चाकं यांना अजून फिरायचंच असतं. त्या ओढाताणीचा एक मोठा वाटा शाफ्टच्या पार मागच्या टोकाला जातो. तिथं, लायकमिंग या अमेरिकन इंजिनांत, एक गिअर बसवलेलं असतं. एक बोल्ट त्याला धरून ठेवतो आणि बोटाच्या पेराहून लहान अशी एक पोलादी खुंटी त्याला जागेवर ठेवते. तिला डॉवेल म्हणतात. हे गिअर कॅमशाफ्ट फिरवतं, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडतं-मिटतं, आणि ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोंनाही तेच फिरवतं. विमानात ठिणगीची सोय दुहेरी असते. एक बंद पडली तर दुसरी असावी, असा शहाणपणाचा विचार त्यामागं आहे. पण या दोन्ही सोयी फिरतात त्या एकाच गिअरवर, आणि ते गिअर उभं असतं त्या एका खुंटीच्या आणि एका बोल्टच्या भरवशावर. खुंटी चिरली, बोल्ट सैल झाला, तर आज काही होणार नाही. उद्याही कदाचित नाही. पुढं कधीतरी, नव्या कोऱ्या प्रोपेलरसह, हवेत असताना सगळं एकदम गप्प होईल.

आता जरा मागं जाऊ या. मे १९३० मध्ये ॲमी जॉन्सन नावाची सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी लंडनजवळच्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला एकटी निघाली. ती शेफील्ड विद्यापीठाची बी.ए., अर्थशास्त्र घेऊन. (माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसाला याचा उगाच दिलासा वाटतो.) पण पदवीवर ती थांबली नाही. विमानाच्या छपरीत तेलात हात घालून ती शिकली आणि ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. तिचं विमान जुनं, विकत घेतलेलं जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, कापडाचे पंख, शंभर अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. नाव 'जेसन'. ते तिच्या वडिलांच्या मासळीच्या व्यापाराचं चिन्ह होतं.

५ मेला निघालेली ॲमी १० तारखेला कराचीत उतरली. दुसऱ्या दिवशी इंधन संपत आलं म्हणून तिला झाशीला, छावणीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावं लागलं आणि तिथं विमानाचा पंख खांबाला धडकला. झाशी म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. पण या प्रसंगात झाशीचं काम साधं होतं. तिथल्या लोकांनी पंख सांधून दिला. अलाहाबाद, कलकत्ता करत १३ मेला ती ब्रह्मदेशात पोचली. तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थानच्याच कारभारात होता, १९३७ मध्ये वेगळा झाला. आपल्या लेखी तो देश म्हणजे मंडाले, टिळकांचा तुरुंग. माझ्या लेखी रंगूनही, कारण तिथं एका शायर बादशहाची, बहादुरशहा जफरची कबर आहे. ॲमीला गाठायचं होतं रंगूनचं रेसकोर्स. पावसाळी हवेत ते सापडलं नाही आणि अलीकडच्या इन्सीनला एका सरकारी तंत्रशाळेचं खेळाचं मैदान दिसलं, तिथं ती उतरली. मैदान अपुरं पडलं. 'जेसन' चरात गेलं, चाकांचा सांगाडा आणि पंख मोडला आणि प्रोपेलर फुटला.

मैदान तंत्रशाळेचं निघालं, हे तिचं नशीब. तिथले शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. पंखाला लावायचं कापड कुठून आणायचं? पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे कुणीतरी सदरे शिवून ठेवले होते. ते सदरे उसवून पंखाला ठिगळं लावली. आणि प्रोपेलर? तो तिनं इंग्लंडहूनच जोडीला आणला होता, विमानाच्या अंगाला बांधून. जुना काढला, नवा चढवला. १६ मेला ती बँकॉकला निघाली आणि २४ मे १९३० रोजी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोचली. एकटीनं तिथवर उडत जाणारी ती पहिली स्त्री.

म्हणजे आपण ज्या हिशेबाला चुकीचा म्हणतो आहोत, नेमका तोच तिनं केला, आणि तो जमला! हे कसं?

जमला, याचं एक मोठं कारण लाकूड आहे. 'जेसन'चा प्रोपेलर लाकडी होता. लाकूड जमिनीला लागलं की त्याच्या फळ्या उडतात, चिपळ्या होतात. मार खाता खाता ते स्वतः संपतं आणि शाफ्टपर्यंत पोचणारा हिसका कमी होतो. आपल्या शिअर बोल्टचंच काम ते न सांगता करतं. शिवाय उतरणाऱ्या विमानाचं इंजिन बहुधा मंद केलेलं असतं. धातूच्या पात्याचं तसं नाही. ते तुटत नाही, वाकतं, आणि वाकेपर्यंतचा सगळा धक्का मागं ढकलत राहतं. धातूचा प्रोपेलर रुजवण्यात अमेरिकेच्या सिल्व्हेनस आल्बर्ट रीड यांचा मोठा वाटा. त्यासाठी १९२५ सालची मानाची कॉलियर ट्रॉफी त्यांना मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळेतल्या लहान विमानांवरही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा प्रोपेलर सर्रास आला. पाऊस, खडी, वारा यांना तो लाकडापेक्षा पुरून उरतो. त्याची ही टिकाऊ जातच इंजिनाच्या मुळावर येते, हे ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

ॲमीची गोष्ट वाचताना मला आपल्या भाषेतले दोन शब्द आठवतात. 'मरम्मत' आणि 'दुरुस्ती'. एक अरबीतून आलेला, दुसरा फारसीतून, आणि आपण ते एकाच अर्थानं वापरतो. पण 'दुरुस्त' म्हणजे मुळात 'बरोबर, ठीक'. मरम्मत म्हणजे मोडलेलं सांधणं. इन्सीनला झाली ती मरम्मत, उत्तम प्रतीची. आतला शाफ्ट दुरुस्त होता की नाही, हे पोलादाच्या पोटात शिरून सांगणारं साधन तेव्हा त्या मैदानावर असणं शक्यच नव्हतं.

तडा शोधायची जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे. कुंभाराकडून मडकं घेताना बाई ते बोटानं वाजवून घेते. रेल्वेत तोच न्याय चाकांना लावत. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस चाकांवर ठोके देत जाई आणि कान देऊन ऐके. नाद बसका आला की चाकात खोट. कारखान्यात याहून बारीक तपासणी होती : आस तेलात भिजवायचा, कोरडा पुसायचा, वरून खडूची पांढरी पूड फासायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. साधी आणि सुंदर रीत. पण केसाहून बारीक चिरेला ती पुरी पडत नाही.

पुढची पायरी एका निरीक्षणातून आली. अमेरिकेत १९२०च्या सुमारास विल्यम होक पोलादाचे तुकडे चुंबकाच्या पकडीत धरून घासत होते. त्यांना दिसलं की घासून निघालेला लोखंडाचा कीस सगळीकडे सारखा बसत नाही. काही ठिकाणी रेघ धरून गोळा होतो. जिथं रेघ, तिथं तडा. चिरेपाशी चुंबकाची ओढ बाहेर फुटते आणि कीस तिथं धावतो. आल्फ्रेड डी फॉरेस्ट आणि फॉस्टर डोन यांनी यातून कामाची पद्धत बांधली आणि १९३४ मध्ये मॅग्नाफ्लक्स कंपनी निघाली. इंजिनाच्या मिस्त्रींच्या तोंडी आजही 'मॅग्नाफ्लक्स केलं का?' असाच प्रश्न असतो. म्हणजे ॲमीचा प्रोपेलर फुटला, त्याच्या चार वर्षांनंतर.

आपल्या देशात इंजिन पूर्ण उघडून एकेक भाग तपासण्याचं काम कारखान्याच्या मापानं सुरू झालं, त्याच्याशी एका सोलापूरकराचं नाव जोडलेलं आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. विमानं बांधायची म्हणून काढली. पण महायुद्धानं तिला दुसरंच काम दिलं. अमेरिकन हवाई दलाची दमलेली, मार खाल्लेली विमानं आणि इंजिनं तिथं येऊ लागली, खोलली जाऊ लागली, पुन्हा उभी राहू लागली. वालचंदांच्या चरित्रात जहाजं आणि साखर यांची पानं भरपूर असतात. ही दुरुस्तीची पाठशाळा मात्र थोडक्यात उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

त्याआधीची, जुहूच्या काळातली पिढी स्वतःच मिस्त्री होती. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. ॲमी निघाली त्याच १९३० च्या मे महिन्यात ते आगाखान पारितोषिकासाठी कराचीहून इंग्लंडकडे उडत होते, आणि अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा पोरगा उलट दिशेनं येत होता. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघं भेटले. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि अस्पीनं थोडक्यात शर्यत मारली. हाच अस्पी पुढं हिंदी हवाई दलाचा प्रमुख झाला. दिलदारीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण प्लगचं दुखणं सरळ असतं. तो बिघडला की लगेच बोंब मारतो. क्रँकशाफ्टच्या मागची खुंटी तसं काही करत नाही.

आता नियमाचा इतिहास पाहू. पूर्वी मुख्य प्रश्न असे, 'इंजिन एकदम बंद पडलं का?' पडलं असेल तर उघडा. चालू राहिलं असेल तर बघू. यातली पळवाट कुणालाही दिसेल. आपल्याकडे गॅरेजमध्ये म्हणतात ना, "चालते ना भाऊ, मंग चालू द्या." १९९१ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनानं लायकमिंग इंजिनांसाठी हुकूम काढला की प्रोपेलरला मार बसल्यावर ते मागचं गिअर, खुंटी आणि बोल्ट उघडून पाहिलेच पाहिजेत. २००४ साली त्या हुकमाच्या जागी नवा आला. काम तेच, पण 'मार' कशाला म्हणायचं याची व्याख्या नव्यानं बांधली. मला यात कायद्यापेक्षा भाषेची गोष्ट दिसते. तेरा वर्षं एका शब्दाच्या कडेकडेनं माणसं निसटत होती, म्हणून शब्द रुंद करावा लागला.

नवी व्याख्या पाहा. इंजिन चालू असो वा बंद, पात्याला किरकोळ घासकामापलीकडे दुरुस्ती लागेल असा कोणताही प्रसंग हा मार. छपरीत उभ्या विमानाला गाडी येऊन धडकली, तरी तो मार. चालत्या इंजिनाचा प्रोपेलर घन वस्तूला लागला, फेऱ्या कमी झाल्या आणि पात्याची मोठी दुरुस्ती लागली, तर मार. आणि तिसरं कलम सगळ्यांत शहाणं : पाणी किंवा उंच गवत यांसारख्या मऊ वस्तूत पातं शिरून फेऱ्या एकदम उतरल्या, तर पात्यावर ओरखडा नसला तरी मार! आपल्या इकडच्या पावसाळ्यानंतरच्या कंबरभर गवतात विमान गेलेलं डोळ्यांपुढं आणा, म्हणजे हे कलम समजतं.

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, ते इंजिन बनवणाऱ्या देशाचे असे हुकूम इथंही बंधनकारक मानतं. कंपनी मात्र हुकमाच्या पुढं जाऊन सांगते की नुसतं गिअर पाहू नका, इंजिन पूर्ण खोला. हुकूम आणि शिफारस यांच्यामधली ही जागा पैशाची आहे. इंजिन खोलायचं म्हणजे विमान दीर्घकाळ जमिनीवर, शिकणारी मुलं रिकामी, आणि खर्च मोठा. मी मालकाची अडचण समजू शकतो. पण विमानात बसणारा मालक नसतो, हेही समजतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, १९ आणि २२ तारखेला. सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही. विमान पडलं की गाव लोटतं, आणि लोक पाहतात ते वाकलेलं पातं. चौकशी करणारेही आधी तेच पाहतात, पण वेगळ्या नजरेनं. एकच पातं सरळ मागं दुमडलेलं आणि दुसरं शाबूत, तर जमिनीला लागताना इंजिन बहुधा फिरतच नव्हतं. दोन्ही पाती पिळवटलेली, टोकं वळलेली, पात्याच्या रुंदीत आडवे ओरखडे, तर इंजिन जोरात होतं. तुटका प्रोपेलर अशी साक्ष देतो. ती साक्ष इंजिन शेवटच्या क्षणी चालू होतं की नाही एवढ्यापुरतीच. आत काय चिरलं, याविषयी तो मुका.

तेव्हा मार बसल्यावर काय करतात, ते सांगून थांबतो. आधी लॉगबुकात नोंद. विमान उडणार नाही. प्रोपेलर उतरवून त्याच्या कारखान्याकडे. मग शाफ्टच्या तोंडाशी डायल गेज लावून शाफ्ट हातानं फिरवतात. काटा किती थरथरतो त्यावरून शाफ्ट वाकला का ते कळतं, इंचाच्या हजाराव्या भागात. इथं पुष्कळांची फसगत होते. काटा स्थिर राहिला की वाटतं, सुटलो. शाफ्ट पुढून सरळ असून मागची खुंटी चिरलेली असू शकते, आणि काट्याला ते कळत नाही. म्हणून इंजिन उतरवायचं, खोलायचं. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, गिअर या पोलादी भागांना चुंबकत्व द्यायचं, वरून चमकणारे लोहकण मिसळलेलं द्रव सोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघायचं. चीर असेल तर ती पिवळट हिरवी पेटते. इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची. तिला चुंबक लागत नाही, म्हणून तिला चिरेत मुरणारा रंग लावतात, म्हणजे मघाच्या खडू-तेलाचीच नवी आवृत्ती. मॅग्नेटो, तेलाचा पंप, इंजिन ज्यावर बसतं तो सांगाडा, सगळं बघायचं. शेवटी मागचं गिअर. खुंटी मोजायची, तिचं भोक मोजायचं, बसण्याची जागा घासली आहे का पाहायचं. गिअर धरणारा बोल्ट आणि त्याखालची लॉकप्लेट मात्र तपासत बसायचं नाही. कितीही चांगली दिसली तरी ती फेकायची आणि नवी लावायची. मग परवानाधारक इंजिनिअर लॉगबुकात तारीख घालतो, काय काढलं आणि काय बसवलं ते लिहितो आणि खाली सही करतो.